सकाळचं रक्त, संध्याकाळचं रक्त

पालघरच्या कॉलेजात मी गणित शिकवत असे, हे इकडच्या पुष्कळांना ठाऊक आहे. रस्त्यात अजूनही एखादा टक्कल पडलेला गृहस्थ वाकून नमस्कार करतो आणि "बाई, तुम्ही मला इंटिग्रेशनमध्ये उडवलं होतं" असं मोठ्या अभिमानानं सांगतो. पण त्याच वर्षांत, म्हणजे नव्वदच्या दशकात, मी आणखी एक काम करत होते. ते काय होतं हे बोईसरजवळच्या सरावलीतल्या माझ्या शेजारणींना शेवटपर्यंत कळलं नाही. एकीला वाटे मी रक्त तपासते, दुसरीला वाटे मी कुटुंबनियोजनाची मोजणी करते. मी दोघींनाही दुरुस्त केलं नाही. खरं सांगितलं असतं तर दोघींनी माझ्या घरचा चहा घेणं सोडलं असतं.

एचआयव्हीचा विषाणू माणसाच्या शरीरात शिरल्यावर रक्तातल्या मदतनीस पेशींचं काय होतं, हे मी समीकरणांत मांडत होते. त्याआधीचा माझा विषय मासे हा होता. समुद्रात मोठे मासे इतके, लहान मासे इतके, मोठ्यांनी लहानांना खाल्लं तर पुढच्या वर्षी दोघांची संख्या किती, असली गणितं. मुंबईतल्या माझ्या मार्गदर्शकांनी एक दिवस परदेशी नियतकालिकांचा गठ्ठा माझ्यापुढे टाकला आणि म्हणाले, "समीकरणं जवळजवळ तीच आहेत. फक्त मासे बदला." मी बदलले. माझं पुढचं सगळं संशोधन त्या एका वाक्यावर उभं राहिलं.

ज्यांचा गणिताशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मदतनीस पेशी स्वतः जंतूंना मारत नाहीत. कारखान्यात पाळीचा सुपरवायझर स्वतः यंत्राला हात लावत नसतो, पण तो आला नाही तर वीस माणसं एकमेकांची तोंडं बघत उभी राहतात, तसा यांचा प्रकार. हा विषाणू नेमका याच पेशींमध्ये शिरतो, त्यांच्याच सामग्रीवर आपल्या प्रती काढतो आणि त्यांना संपवून बाहेर पडतो. मग मी तीन ओळी लिहायची. निरोगी पेशी किती, लागण झालेल्या किती आणि मोकळा विषाणू किती. प्रत्येक ओळीत एवढाच हिशेब की दर दिवशी आत किती येतात आणि बाहेर किती जातात.

बोईसरच्या माणसाला टाकी समजावून सांगावी लागत नाही. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दिवसभर एकाच पातळीला दिसलं की दोन शक्यता असतात. एक तर सगळे नळ बंद आहेत, किंवा वरून जेवढं येतंय तेवढंच खालून जातंय. लागण झालेला माणूस वर्षानुवर्षं ठणठणीत दिसतो, त्याच्या पेशींचा आकडा फारसा हलत नाही, म्हणून आधी सगळ्यांना वाटे की विषाणू झोपलेला आहे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बाहेरच्या डॉक्टरांनी नवी औषधं देऊन एक नळ थोडा वेळ बंद करून पाहिला आणि पातळी किती झपाट्यानं बदलते ते मोजलं. तेव्हा कळलं की झोपलेलं कुणीच नव्हतं. रोज अफाट संख्येनं पेशी मरत होत्या आणि शरीर जिवाच्या आकांतानं नव्या तयार करत होतं. हे वाचलं त्या दिवशी मी स्वयंपाक करायचा विसरले, आणि घरी सगळ्यांना भेळेवर भागवावं लागलं.

समीकरणं होती, पण खऱ्या माणसांचे आकडे कुठून आणायचे? ते बोईसरला मिळाले. स्टेशनजवळ डॉ. राऊत यांचा दवाखाना होता. औद्योगिक वसाहतीतले कामगार, त्यांच्या खोल्यांचे भाडेकरू, मालट्रकचे चालक, किनाऱ्यावरच्या गावांतली माणसं, सगळे त्यांच्याकडे यायचे. लागण झालेल्यांना बाकीच्या दवाखान्यांतून गोडीगुलाबीनं बाहेर काढलं जाई. राऊत काढत नसत. त्यांच्या हातात औषध नव्हतं, तरी रक्त घेऊन थंड डब्यातून मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवत, पेशींचा आकडा मागवत आणि खोकला, ताप, जुलाब यांवर जमेल ते देत. माझं काम ऐकून ते म्हणाले, "आकडे माझ्याकडे पडून आहेत. तुम्हाला उपयोग असेल तर न्या. पण नावं मिळणार नाहीत." त्यांनी प्रत्येक रोग्याला विचारलं आणि जे हो म्हणाले त्यांना एकेक अक्षर दिलं. माझ्यासाठी ती माणसं म्हणजे आलेखाच्या कागदावरच्या रेघा होत्या. क, ग, ट, प. मला तेच सोयीचं वाटे.

कामाची थोडी कुजबुज झाली तशी विचित्र गिऱ्हाइकंही येऊ लागली. एक गृहस्थ पुड्या घेऊन आले. त्यांच्या चूर्णानं रेघ वर चढते असं मी लिहून द्यावं, ही विनंती. एका कामगार पुढाऱ्याला वसाहतीत एकूण किती जणांना लागण आहे ते गणितानं काढून हवं होतं. "फक्त मॅडम, आकडा लहान काढा," असं जाता जाता त्यानं बजावलं. मी दोघांनाही चहा पाजून वाटेला लावलं.

आता क या रेघेविषयी. हा वसाहतीतला कुणी कामगार, याहून मला काही माहीत नव्हतं. त्याची रेघ वरखाली होत होती. वर, खाली, पुन्हा वर. माझ्या समीकरणांतूनही अशा लाटा निघत, पण कागदावर त्या हळूहळू विरून जात. इथे एक जिवंत माणूस न विरणाऱ्या लाटा दाखवत होता. ग आणि प यांच्या रेघांतही तेच. मी मुंबईला मार्गदर्शक सरांना फोन केला. सर इतके खूश झाले की त्यांनी मला पहिल्यांदाच 'अहो बाई' न म्हणता नावानं हाक मारली. या लाटा कशानं येत असतील यावर आम्ही महिनेच्या महिने डोकं लावलं आणि चांगली दोन समीकरणं वाढवली.

त्याच पावसाळ्यात ट ही रेघ पडली. ती इतके दिवस संथ होती. जूनपासूनचे दोन्ही आकडे मात्र एकदम खाली आले. राऊतांनी विचारलं तेव्हा मी रेघ पुढे वाढवून दाखवली आणि म्हणाले, "उतार सुरू झालेला दिसतोय." त्यांनी मान हलवली. ट कोण हे मी विचारलं नाही.

एका रविवारी दुपारी दारात एक बाई उभी राहिली. पन्नाशीच्या आतली, काठाची साडी घट्ट नेसलेली, डोक्यावर सुक्या मासळीची टोपली.

"तुमीच का त्या रेघ काढनाऱ्या बाई?"

मी दचकून हो म्हटलं.

"मंग मी तुमची ट. डाक्टरकडं हट्ट केला, तवा पत्ता दिला. टोपली हितंच दारात ठेवते. शेजारच्यांना वाटंल, बोंबील इकते हाय."

तिचं नाव देवकीबाई. खरं नाव अर्थातच वेगळं, आणि गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, कारण तिथे तिची माणसं आहेत. नवरा तांडेल होता, होडीचा प्रमुख. काही हंगाम दूरच्या बंदरात मोठ्या बोटीवर कामाला होता, तिथून आजार घेऊन आला आणि गेला. गावाला ताप सांगितला. त्यानंतर राऊतांनी हिचं रक्त तपासलं. हे सगळं तिनं पाणी पिता पिता सांगितलं, दुसऱ्या कुणाची हकिकत सांगावी तसं.

"डाक्टर बोलतात, रेघ उतरतेय. आता तुमी सांगा, किती वरसं हायेत?"

मी म्हटलं, एका माणसाचं असं सांगता येत नाही. समीकरण म्हणजे अंदाज असतो, प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं, वगैरे. वर्गात हेच बोलले की मुलं निमूट लिहून घेतात. देवकीबाईंनी मला मध्येच थांबवलं.

"बाई, माजी पोर बारावीला हाय, तुमच्याच कालेजात. मंदा. तिला नर्सिंगला जायचंय. ही बारावी, मंग वर तीन-साडेतीन वरसं लागतात, असं बोलते. आनी गावातलाच एक पोरगा तिला मागतो. चांगला हाय. बापाची होडी हाय. मी तवर असेन तं शिकू दे तिला. नसेन तं माझ्या डोल्यांदेखत लगीन लावून देते. माझ्यामागं तिला कोनी नाय. मला तुमचं गनित नको. हो का नाय, तेवढं बोला."

मंदा मला चांगली माहीत होती. दुसऱ्या बाकावर खिडकीशी बसायची. अकरावी-बारावीचेही काही तास माझ्याकडे असत, आणि त्या वर्गात गणित सोडवताना गाणं गुणगुणणारी ती एकटीच होती.

मी म्हटलं, "रेघ अशीच उतरत राहिली, तर एवढी वर्षं पुरणार नाहीत."

"बरं. एवडंच पायजे होतं." ती उठली, मूठभर बोंबील कागदात बांधून माझ्या हातात दिले आणि दारातून मोठ्यानं म्हणाली, "चांगले भाजून खा हां, बाई." शेजारीण खिडकीत होती.

पुढे नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या. एक दिवस तास संपल्यावर मंदा थांबली. तिची सुपारी फुटली होती, म्हणजे चार माणसांसमोर लग्न पक्कं झालं होतं. दिवाळीनंतर लग्न. बारावी अर्ध्यावर सुटणार.

"बाई, तुम्ही आईला सांगाल का? आधी तीच म्हणायची, शिक. आता एकदम काय झालं तिला, कळत नाही. विचारलं की नुसती कामाला लागते."

मला कारण माहीत होतं आणि सांगायची सोय नव्हती. "बघते," म्हणाले. शिक्षकाला असं खोटं बोलायची सवय असते, पण त्या दिवशी ते माझं मलाच टोचलं.

ट चा पुढचा आकडा आला का, हे बघायला मी एका संध्याकाळी बोईसरला राऊतांच्या दवाखान्यात गेले. ते आत रोगी बघत होते, म्हणून बाहेरच्या बाकावर बसले. कंपाउंडर रक्त घ्यायच्या वेळा ठरवून देत होता. येईल त्याला पहिला प्रश्न एकच, "पाळी कुठली?" कुणी सांगे फर्स्ट, कुणी सांगे नाइट. त्यावर तो सकाळ किंवा संध्याकाळ सांगे. एक उत्तरेकडचा तरुण त्याच्याशी हुज्जत घालत होता.

"भैया, अभी फर्स्ट चल रहा है, तो शाम को आया. अगली बार सेकंड में रहूँगा, तब सुबह आ जाऊँगा. पिछली बार भी ऐसे ही किया था ना?"

कंपाउंडर म्हणाला, "हाँ हाँ, तेरा तो हर बार ऐसा ही है."

मी बाकावरून उठले. आत जाऊन राऊतांना विचारलं, "रक्त किती वाजता घेतलं, हे तुम्ही टिपता का?"

"वेळ? तारीख टिपतो की." त्यांना प्रश्नच कळला नाही.

दवाखान्यातूनच मुंबईच्या प्रयोगशाळेला फोन लावला. तिथला तंत्रज्ञ अगदी सहज म्हणाला, "मॅडम, त्या पेशी सकाळी कमी भरतात, संध्याकाळी जास्त. निरोगी माणसाचंही तसंच असतं. तुम्हाला माहीत असेल असं वाटलं." परदेशातले लोक ठरलेल्या वेळी रक्त घेत, म्हणून त्यांच्या लेखांत या गोष्टीला फार तर अर्धी ओळ मिळे. ती मी वाचलीही असेन. पण बोईसरमध्ये सगळा गाव पाळीवर चालतो. बस पाळीवर सुटते, पोळीभाजीचे डबे पाळीवर जातात, लग्नाची तारीखसुद्धा पाळी बघून धरतात. रक्त तरी दुसऱ्या कुठल्या वेळेला निघणार होतं? पहिल्या पाळीचा माणूस संध्याकाळी येई, दुसऱ्या पाळीचा सकाळी, आणि रात्रपाळीवाल्याची तर झोपच उलटी झालेली असे.

कंपाउंडरला बरंचसं आठवत होतं. क, ग आणि प यांच्या पाळ्या आम्ही रेघांशेजारी मांडल्या. माझ्या त्या न विरणाऱ्या लाटा म्हणजे पाळ्यांची अदलाबदल होती, दुसरं काही नाही. सरांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे अहो बाई, आपण इतके दिवस कारखान्याचं वेळापत्रक सोडवत होतो." नाव गेलं, पुन्हा 'अहो बाई' आलं. वाढवलेली दोन समीकरणं मी फाडून टाकली. आज त्याचं हसू येतं, तेव्हा आलं नव्हतं.

पण लाटांचं दुःख करायला मला वेळच नव्हता. मी राऊतांना विचारलं, "ट केव्हा येते?"

ते विचार करून म्हणाले, "हंगामात होड्या आल्यावर ती मासळी घेते, बोईसरच्या बाजारात विकते आणि टोपली रिकामी झाली की संध्याकाळी इकडे. पावसाळ्यात होड्या बंद. मग पहिल्या एसटीनं सकाळीच येते आणि इथून सुकी मासळी विकायला दारोदार जाते."

जूनपासूनचे दोन्ही आकडे सकाळचे होते. आधीचे सगळे संध्याकाळचे.

राऊतांनी तिला त्याच आठवड्यात बाजार उरकल्यावर बोलावलं. संध्याकाळचं रक्त गेलं. आकडा आला तो जवळजवळ जुन्या पातळीवर. उतार नव्हताच, किंवा होता तो पूर्वीइतकाच मंद होता. राऊत म्हणाले, "सांगायला कोण जाणार? मी गेलो तर गाव विचारेल, डॉक्टर कशाला आला." मग मीच गेले. विद्यार्थिनीच्या घरी तिची बाई गेली, यात कुणाला वावगं दिसत नाही.

किनाऱ्यावर बांबूच्या आडव्या दांड्यांवर बोंबील वाळत घातले होते. दोन दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून देवकीबाई भराभर दांडीवर टाकत होती. मंदा कॉलेजात होती. माझं सगळं बोलणं तिनं हात न थांबवता ऐकलं. सकाळ, संध्याकाळ, पावसाळा, हंगाम. माझं संपलं तेव्हा तिचे हात थांबले.

"म्हंजे रेघ उतरत नाय?"

"उतरतेय, पण हळू. मी सांगितलं होतं तशी नाही."

"तुमीच बोललात, उतरतेय. आता तुमीच बोलता, नाय उतरत. मधल्यामदी मी चार मानसांत पोरीची सुपारी फोडून बसले. आमच्यात सुपारी मोडली तं काय होतं, तुमाला ठावं हाय?"

"चूक झाली," मी म्हटलं.

"चूक तुमची नाय, डाक्टरची बी नाय. मीच सकालच्या एसटीनं आले, काय करनार." तिनं कपाळावरचा घाम दंडानं पुसला. "मंग आता सांगा. मोडू का सुपारी? पोरीची वरसं पुरी हुतील तवर मी हाय का?"

मी तिला पुन्हा तेच सांगितलं. घसरण हळू आहे, एवढंच मला खात्रीनं म्हणता येतं. वर्षं सांगता येत नाहीत. या वेळी तिनं मला हो की नाही बोलायला लावलं नाही. ती पुन्हा बोंबलांच्या जोड्या दांडीवर टाकू लागली. माझी चप्पल वाळूत रुतत होती आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. नवीन आकडा चांगला होता, म्हणजे मी आनंदाची बातमी घेऊन आले होते, आणि तरी हिच्यापुढे पहिल्यापेक्षा मोठा पेच टाकून जात होते. एका बाजूला डोळ्यांदेखत होणारं चांगलं लग्न, दुसऱ्या बाजूला तिच्या हातात नसलेली चार-साडेचार वर्षं. ती मध्येच गेली तर मुलगी ना लग्नाची, ना शिक्षणाची. हे तिला माझ्याहून चांगलं कळत होतं.

"पोरीला इचारलं तं ती शिक्षनच बोलंल," ती शेवटी म्हणाली. "मोडते."

तिनं ते कसं मोडलं, हे मला मंदाकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. देवकीबाई एकटीच मुलाच्या घरी गेली आणि म्हणाली, "माझंच चुकलं. पोर शिकते. थांबत असाल तं थांबा, नाय तं दुसरी बघा." कारण काही दिलं नाही. देण्यासारखं नव्हतंच. ते लोक थांबले नाहीत. गावानं तिला भरपूर बोल लावले, दिलेला शब्द फिरवणारी म्हणून. तो सगळा हंगाम गावातल्या बायका बाजारात तिच्या टोपलीशेजारी टोपली मांडत नव्हत्या. ती पलीकडे नाल्याच्या कडेला बसायची. मंदा मात्र वर्गात पुन्हा गुणगुणू लागली. बारावीला तिला चांगले गुण पडले आणि शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात नर्सिंगला प्रवेश मिळाला. मला पेढे द्यायला आली तेव्हाही तिला आईच्या आजाराचा पत्ता नव्हता.

राऊतांनी मग सगळ्यांचं रक्त संध्याकाळीच घ्यायचं ठरवलं. दुसऱ्या पाळीवाल्यांनी आरडाओरडा केला, त्यांना रजेच्या दिवशी बोलावलं. माझ्या रेघा गुळगुळीत झाल्या, सरळ आणि कंटाळवाण्या. माझा प्रबंध त्या कंटाळवाण्या रेघांवरच पुरा झाला. त्यात लाटांवरचं एक छोटं प्रकरण आहे, रक्ताची वेळ पाळली नाही तर काय घडतं यावर. सरांच्या मते तेवढंच वाचण्यासारखं होतं.

नव्या औषधांची बातमी तोवर आपल्याकडेही आली होती. दोन-तीन औषधं एकत्र दिली की विषाणूचं वाढणं जवळजवळ थांबतं. माझ्या समीकरणात त्या वाढीसाठी एक अक्षर होतं. त्याची किंमत मी अगदी लहान केली की खाली जाणारी रेघ थबकायची आणि वर वळायची. एका सुट्टीच्या दिवशी मी ट ची रेघ अशी वर नेऊन पाहिली, पार निरोगी माणसापर्यंत. ती औषधं देवकीबाईंना परवडणारी नव्हती, आणि राऊतांनी खटपट करूनही त्यांना ती मिळाली नाहीत. तो कागद मी कुणाला दाखवला नाही. कामाच्या इतक्या वर्षांत मला खरोखर राग आला तो त्या दिवशी, आणि तो कुणावर काढायचा हेही कळेना.

मंदाचं शेवटचं वर्ष चालू असताना देवकीबाईंना क्षय झाला. तिच्या पेशींचा आकडा तेव्हाही फार पडलेला नव्हता. माझ्या तीन ओळींत क्षयाला जागाच नव्हती. राऊतांनी तिला मंदा शिकत होती त्याच मोठ्या रुग्णालयात पाठवलं, कारण दुसरीकडे कुणी ठेवून घेत नव्हतं. तिथून ती परत आली नाही. मला राऊतांचा फोन आला, तेव्हा मी पेपर तपासत होते. उरलेले पेपरही मी तपासले. त्या मुलांना त्या दिवशी गुण बरे पडले असावेत.

क्रियाकर्म उरकल्यावर मंदा सरावलीला माझ्या घरी आली. तिला आता सगळं ठाऊक होतं, आईनंच शेवटी सांगितलं होतं. माझ्याकडे येणंजाणं, रेघ, सुपारी का फोडली आणि का मोडली, सगळं. मी चहा केला. ती कप हातात धरून बसली. मला वाटलं, ही आता विचारणार की बाई, तुम्ही मला का नाही सांगितलंत.

तिनं ते विचारलंच नाही. म्हणाली, "बाई, वॉर्डात आईच्या खाटेजवळ कुणी जात नव्हतं. आया जायच्या नाहीत, बाकीच्या नर्सही टाळायच्या. जेवणाचं ताट दारात ठेवायचे आणि तिथूनच हाक मारायचे. तिला उठून घेता येत नव्हतं. मी मेट्रनना सांगितलं, ही माझी आई आहे, हिचं मी करणार. रोज ड्यूटी संपली की जायची. तिला पुसून घ्यायची, चादर बदलायची, भरवायची. सगळं शिकवलंय तसं, हातमोजे घालून. मग हातमोजे काढायचे, हात धुवायचे आणि तिचे केस विंचरून अंबाडा घालायचा. केसांना काय होतंय?"

मी म्हटलं, "काही होत नाही."

"आई घाबरायची. म्हणायची, लांब हो, तुला लागंल. मी सांगायची, आई, कशानं लागतं आणि कशानं नाही, हे मला शिकवलंय. एक दिवस तिनं विचारलं, खरंच शिकवलंय का गं? मी म्हटलं, हो, खरंच. मग तिनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोपली. केस सोडवत होते, तेवढ्यात म्हणाली, 'मंग सुपारी मोडली ते बरं जालं.'"

मी तिच्या हातातला कप काढून बाजूला ठेवला, आणि मग आम्ही दोघी रडलो.